सामरवरणीचे सांडपाणी आणि जिवाणूंचे पटल

सिल्वासालगतचे सामरवरणी एकेकाळी भातशेती आणि आदिवासी पाड्यांचे गाव होते. पोर्तुगीज सत्तेतून हा मुलूख १९५४ मध्ये, म्हणजे गोव्याआधी सात वर्षे, मुक्त झाला. पुढे करसवलतींच्या आधारे येथे कारखानदारी वाढली आणि २०११ च्या जनगणनेत दादरा, नरोली, मसाट व राखोली यांच्यासह सामरवरणीचीही नोंद शहरी वस्ती म्हणून झाली. कारखान्यांमागोमाग सांडपाण्याचा प्रश्न येतो. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावणारी दमणगंगा याच मुलखातून वाहत वापीमार्गे दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. वरच्या अंगाला पाण्यात जे सोडले जाते, ते खालच्या गावांच्या वाट्याला येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा वापी ८८.०९ गुणांसह अंकलेश्वरच्या खालोखाल दुसऱ्या स्थानी होते.

नदी आणि कारखाना यांच्यामध्ये उभी असते ती सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘ईटीपी’. तिच्या पाहणीत पंप, मोटारी, नळ आणि वीजबिल यांची चौकशी होते. परंतु पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण खाऊन संपवण्याचे मुख्य काम हवा सोडलेल्या टाकीतील जिवाणू करतात. मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डन आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. हे जिवाणू टिकले तर यंत्रणा टिकते. ते कसे टिकतात आणि केव्हा हार मानतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांच्या पेशीपटलात दडलेले आहे.

तेलासारखे अंगण

जिवाणूची लांबी साधारणतः एक-दोन मायक्रोमीटर असते. त्याच्या पेशीचे पटल सुमारे सात नॅनोमीटर जाडीचे असते. कागदाच्या एका पानाच्या जाडीत अशी १४ हजारांच्या आसपास पटले सामावतील. फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंचे दोन थर एकमेकांकडे शेपट्या करून उभे राहिले की हे पटल बनते. त्यात प्रथिने रोवलेली असतात. अन्न आत घेणे, टाकाऊ द्रव्य बाहेर टाकणे आणि ऊर्जा निर्माण करणे ही कामे ती प्रथिने करतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये पटलाचे हे प्रवाही चित्र मांडले.

प्रवाही हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पटल फार घट्ट झाले तर प्रथिने अडकून बसतात. फार पातळ झाले तर पेशीतील क्षार आणि ऊर्जा गळून जातात. या दोहोंमधील समतोल मेदाम्लांच्या शेपट्यांवर ठरतो. स्वयंपाकघरात याचा दाखला मिळतो. थंडीत खोबरेल गोठते, शेंगदाण्याचे तेल मात्र वाहते राहते. खोबरेलातील बहुतेक मेदाम्ले संतृप्त, म्हणजे सरळ साखळीची असतात आणि ती दाटीवाटीने रचली जातात. शेंगदाण्याच्या तेलात असंतृप्त, म्हणजे वाक असलेल्या साखळ्या अधिक असतात. वाकड्या काटक्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, तसे त्यांचे होते.

जिवाणू हेच तत्त्व वापरतो. एश्चेरिशिया कोलाय हा जिवाणू कमी तापमानात वाढवला, तर तो पटलात असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवतो; उष्णतेत ते घटवतो. परिणामी तापमान बदलले तरी पटलाची प्रवाहिता जवळपास तेवढीच राहते. मायकेल सिनेन्स्की यांनी १९७४ मध्ये हे दाखवून दिले. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत तर पटलातच एक पहारेकरी प्रथिन बसलेले असते. गारव्याने पटल जाड झाले की ‘डेस-के’ नावाचे हे प्रथिन जागे होते आणि मेदाम्लांत वाक निर्माण करणारे विकर तयार करण्याचा आदेश पेशीला मिळतो. अर्जेंटिनातील रोझारिओ येथे दिएगो दे मेन्डोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्रणेचा उलगडा केला. फ्रिजमध्येही वाढू शकणारा लिस्टेरिया हा रोगकारक जिवाणू याच स्वरूपाच्या बदलांमुळे थंडीत तग धरतो.

द्रावकाचा वार आणि तीन घड्याळे

कारखान्याच्या सांडपाण्यात तापमानापेक्षा कठीण शत्रू असतात. टोल्युइनसारखे द्रावक तेलात सहज मिसळतात; म्हणून पटलात घुसून ते मेदरेणूंची रचना सैल करतात. पटल गळू लागते आणि पेशी मरते. पण काही जिवाणू यातूनही वाचतात. १९८९ मध्ये जपानी संशोधक इनोउए आणि होरिकोशी यांनी ‘नेचर’मध्ये टोल्युइनच्या भरपूर प्रमाणातही वाढणाऱ्या एका स्यूडोमोनासची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा ती विलक्षण वाटली होती.

स्यूडोमोनास पुटिडा या जातीच्या अभ्यासातून या चिवटपणाची उकल झाली. द्रावक येताच या जिवाणूतील एक विकर मेदाम्लांच्या वाकड्या ‘सिस’ साखळ्या सरळ ‘ट्रान्स’ रूपात बदलू लागते. वनस्पती तुपातील ज्या ट्रान्स फॅटविषयी डॉक्टर सावध करतात, त्यातील साखळीचा आकार हाच. साखळ्या सरळ झाल्या की त्या घट्ट बसतात आणि सैल झालेले पटल पुन्हा आवळले जाते. या बदलासाठी नवे मेदरेणू बनवावे लागत नाहीत आणि वेगळी ऊर्जाही खर्च होत नाही. म्हणून तो काही मिनिटांतच सुरू होतो. हे जिवाणूचे पहिले घड्याळ.

दुसरे घड्याळ तासांचे आहे. या काळात पेशी अधिक संतृप्त मेदाम्ले असलेले नवे रेणू घडवते आणि घुसलेला द्रावक बाहेर फेकणारे पंप पटलात वाढवते. परंतु त्यासाठी पेशी वाढत असली पाहिजे. अन्न आणि प्राणवायू मिळत असला पाहिजे. उपाशी किंवा गुदमरलेल्या जिवाणूला हा बदल जमत नाही.

तिसरे घड्याळ दिवसांचे, कधी आठवड्यांचे असते. टाकीत एकच जात नसते, अनेक जातींची वस्ती असते. नवे रसायन येत राहिले तर ज्यांना ते सोसते त्या जाती वाढतात, इतर मागे पडतात. यंत्रणा ‘रुळली’ असे प्रत्यक्ष काम करणारे म्हणतात, तेव्हा बहुधा ही वस्ती बदललेली असते. नव्या टाकीत शेणकाला किंवा दुसऱ्या यंत्रणेतील गाळ घालून सुरुवात करण्याची प्रथा आहे. त्यानंतर सांडपाणी हळूहळू वाढवत न्यावे लागते, ते याच कारणाने.

मिठागराचा धडा

क्षारांच्या बाबतीत हाच हिशेब गोव्याच्या मिठागरांत दिसतो. रायबंदर, आगरवाडा, शिरदोण येथील मिठागरांत खाडीचे पाणी मानशीतून घेतले जाते आणि एका खाचरातून दुसऱ्या खाचरात नेत उन्हाने आटवले जाते. क्षारता पायरीपायरीने चढते आणि प्रत्येक पायरीवर वेगळी सूक्ष्म वस्ती असते. शेवटच्या खाचरात मीठप्रिय आर्किया राहतात. ते जिवाणूंहून वेगळ्या कुळातले. त्यांच्या पटलातील मेदरेणूंची बांधणीच निराळी असते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण म्हणून याच गटातील सूक्ष्मजीवांकडे निर्देश केला.

क्षार अचानक वाढले तर पेशीतील पाणी बाहेर निघून ती आक्रसते. जिवाणू आधी पोटॅशियम आत ओढतो, नंतर बीटेन, प्रोलिन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठवून पाणी धरून ठेवतो. अनेक जातींत पटलातील मेदरेणूंचे प्रमाणही बदलते. उलट, पावसाच्या पहिल्या सरीप्रमाणे गोडे पाणी एकाएकी आले तर पाणी आत घुसून पेशी फुगते. तेव्हा पटलावरच्या ताणाने काही झडपा उघडतात आणि साठवलेली द्रव्ये क्षणार्धात बाहेर सोडून पेशी स्वतःला वाचवते. १९९९ मध्ये संशोधकांनी एश्चेरिशिया कोलायमधील अशा दोन मुख्य झडपा जनुकीय बदलाने काढून टाकल्या, तेव्हा गोड्या पाण्याच्या झटक्याने पेशी फुटल्या.

टाकीत काय घडते?

आता एखाद्या ईटीपीची कल्पना करावी. पॉलिएस्टर साधारणतः १३० अंश सेल्सिअसच्या आसपास, दाबाखाली रंगवले जाते. त्यामुळे रंगाईचे पाणी कढत निघते. हवेच्या टाकीतील बहुसंख्य जिवाणू मात्र ४० अंशांच्या पुढे कष्टी होऊ लागतात. दिवसभर सौम्य पाणी येत राहिले आणि रात्री एखादी टाकी धुतल्याचे दाट, खारट किंवा द्रावकयुक्त पाणी एकदम सोडले, तर जिवाणूंना पहिले घड्याळही पुरत नाही. पटले गळतात, गाळाचे पुंजके विस्कटतात, पाणी गढूळ होते आणि अर्धवट शुद्ध झालेले सांडपाणी पुढे जाते. नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याच्या जैविक प्राणवायू मागणीची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे. मेलेली टाकी ती पाळू शकत नाही. शिवाय यंत्रणा पुन्हा रुळायला तिसऱ्या घड्याळाएवढा काळ लागतो.

म्हणूनच हवेच्या टाकीआधीच्या ‘इक्वलायझेशन टँक’ला इतके महत्त्व आहे. निरनिराळ्या वेळचे पाणी तेथे एकत्र होते, निवते, त्याची आम्लता जुळवली जाते आणि मग ते ठरावीक वेगाने पुढे जाते. वरकरणी ही केवळ साठवणीची टाकी. प्रत्यक्षात ती जिवाणूंना वेळ विकत घेऊन देते. जागा किंवा वीज वाचवण्यासाठी तिचा आकार कमी करणे, किंवा तिला वळसा घालून पाणी थेट पुढे नेणे, हे पटलाच्या सोशिकतेवर लावलेले जुगारी डाव आहेत. रात्री हवेचे ब्लोअर बंद ठेवणेही तसेच. प्राणवायूवाचून दुसरे घड्याळ चालतच नाही.

चिवटपणाची दुसरी बाजू

जिवाणूंची ही क्षमता केवळ माणसाच्या उपयोगाची नाही. स्यूडोमोनासमध्ये टोल्युइन बाहेर फेकणारा एक पंप टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही प्रतिजैविकेही बाहेर फेकतो. रसायनांशी झुंजताना मिळवलेले हत्यार औषधांविरुद्धही चालते. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन तर जिवाणूच्या बाह्यपटलावरील ऋणभारित रेणूंना चिकटून काम करते. जिवाणूने त्या रेणूंचा ऋणभार घटवला की औषधाची पकड सुटते. असा बदल घडवणारे आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये नोंदवले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

अर्धवट प्रक्रिया झालेले पाणी नदीत गेले, तर घाणीबरोबर हे चिवट जिवाणूही खाली वाहत जातात. त्यामुळे टाकी नीट चालणे हा केवळ नदीच्या रंगाचा आणि वासाचा प्रश्न राहत नाही. तो आरोग्याचाही आहे.

सामरवरणी असो वा गोव्यातील एखादी औद्योगिक वसाहत, तपासणीसाठी येणारा अधिकारी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना बाटलीत भरतो. तो आवश्यकच आहे. पण तो त्या एका वेळेचा दाखला असतो. आत येणाऱ्या पाण्याचे तापमान, क्षार आणि आम्लता तासातासाला कशी बदलली, याची नोंदवही अधिक बोलकी ठरते. पटलाला सहन करण्याजोगा वेळ मिळाला की नाही, हे तिच्यातच कळते.