सीलाकँथ सापडल्यानंतर

सीलाकँथ हा मांसल देठांच्या परांचा मासा. त्याच्या कुळाचे जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीपासूनच्या खडकांत आढळतात. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या जुरासिक काळच्या कोटा थरांतही ते मिळाले आहेत. डायनोसॉर संपले त्या सुमारानंतरच्या खडकांत मात्र त्याचा मागमूस लागेना, म्हणून तो नामशेष ठरला.

२२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात, ट्रॉलरवरच्या मासळीच्या ढिगात तिथल्या संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना दीड मीटरचा एक निळसर मासा दिसला. मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी तो ओळखला. दुसरा नमुना मिळाला तो १९५२ मध्ये, कोमोरो बेटांवर. तिथले कोळी त्याला ‘गोंबेसा’ म्हणत आणि अधूनमधून गळाला लागलेला पाहत आले होते. शोधाच्या इतिहासात त्यांना आजही दुय्यम जागा मिळते, हा अन्याय आहे. पुढची तीन दशके मृत नमुन्यांच्या चिरफाडीत गेली.

खरा उलगडा १९८७ ते १९९८ या काळात झाला. संशोधक हान्स फ्रिके यांच्या छोट्या पाणबुडीने कोमोरोजवळ हा मासा प्रथमच त्याच्या घरी पाहिला: दिवसा लाव्हाच्या गुहांत गटाने विसावणारा, रात्री शिकारीला निघणारा, प्रवाहात डोके खाली करून तरंगणारा. तो परांवर तळाशी चालत असेल, ही जुनी कल्पना निकालात निघाली. त्याच दशकाने या आनंदाला गालबोटही लावले. १९९४ च्या पाहणीत गुहांतले मासे घटलेले दिसले. मग १९९७ मध्ये इंडोनेशियातील मानाडोच्या बाजारात, कोमोरोपासून सुमारे १०,००० किलोमीटरवर, आणखी एक सीलाकँथ आढळला. ती वेगळी जाती निघाली.

याच माशाचा दाखला देऊन मेगालोडॉन हा नामशेष शार्क किंवा लॉक नेसचा राक्षस जिवंत असल्याचे आजही सांगितले जाते. हा दाखला चुकीचा आहे. सीलाकँथ राहतो तशा खोल, खडकाळ उतारांवरचे अवशेष क्वचितच जमिनीवरच्या खडकांत पोहोचतात. सतत दात गाळणाऱ्या, किनाऱ्याजवळही वावरणाऱ्या मेगालोडॉनची खूण मात्र गेल्या लाखो वर्षांच्या थरांत मिळालेली नाही. लॉक नेस सरोवर तर हिमयुगात बर्फाखाली होते. शिवाय टिकले ते सीलाकँथचे कुळ, तीच प्रजाती नव्हे. आजची लॅटिमेरिया ही प्रजाती जीवाश्मांत आढळलेली नाही.

राक्षसांच्या या चर्चेत खऱ्या माशाची आबाळ होते. टांझानियात टांगा किनाऱ्याजवळ २००३ पासून मुशीसाठी खोलवर लावलेल्या जाळ्यांत सीलाकँथ मरू लागले. २००९ मध्ये तिथे सागरी उद्यान घोषित झाले. २०२१ मध्ये खवल्यांवरच्या वाढीच्या वलयांवरून कळले की हा मासा सुमारे शंभर वर्षे जगतो, मादी पन्नाशी उलटल्यावर प्रौढ होते आणि गर्भ पाच वर्षे वाढतो. आधीचा अंदाज वीसेक वर्षे आयुष्याचा होता. त्या हिशेबाने सोसण्याजोगी वाटलेली हानी आता फार मोठी ठरते, आणि म्हणून खोल उतारांवरची जाळी आधी उठायला हवीत.