औदुंबर

बालकवी (त्र्यंबक बापूजी ठोमरे, १८९०–१९१८) यांची आठ ओळींची भावकविता. आधुनिक मराठी काव्यात एकांताचे इतके अल्पाक्षरी आणि इतके वादग्रस्त चित्रण क्वचितच आढळते.

कवितेची रचना मात्रावृत्तात असून ओळी दोन दोन यमकांनी बांधलेल्या आहेत. सोळाव्या मात्रेनंतर यती येतो. त्यापुढील खंड आखूड असल्याने प्रत्येक ओळ वाहत येऊन थबकल्यासारखी वाटते. आशयाची गतीही तशीच आहे. प्रथम झरा, मग टेकडीकडचे लहानसे गाव, शेतमळे, त्यांतून जाणारी पायवाट, पुढे डोह आणि अखेरीस वृक्ष. गाव, शेते व वाट या मानवी वस्तीच्या खुणा आहेत. पण माणूस कोठेही दिसत नाही आणि वाट डोहाशी आल्यावर त्या खुणाही संपतात. रंगही निळ्या-हिरव्याकडून पांढऱ्याकडे व तेथून काळ्याकडे जातात. ज्याच्यासाठी हे सारे मांडले, तो औदुंबर मात्र शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवलेला आहे.

‘उदासीनता’ या कवितेत बालकवींनी आपली मनोवस्था नाव घेऊन सांगितली; ‘पारवा’मध्ये पडक्या वास्तूतील पक्ष्याला तिचे प्रतीक केले. ‘औदुंबर’मध्ये ‘मी’ नाही, दुःखाचा उल्लेख नाही, उद्गारही नाही. पाण्यात पाय सोडून बसण्याची मानवी क्रिया तेवढी वृक्षाला दिली आहे आणि भाववृत्तीचा सारा भार तिच्यावर पडतो. म्हणूनच हा वृक्ष कोणास विरक्त योगी, कोणास खिन्न कविमन, तर कोणास मृत्यूचे सूचन वाटला. दत्तात्रेयाचे अधिष्ठान म्हणून असलेले औदुंबराचे पावित्र्य पहिल्या अर्थास पोषक ठरते. भादली रेल्वेस्थानकाजवळ कवीला १९१८ मध्ये आलेला अपघाती मृत्यू मात्र या कवितेत मागाहून वाचणे युक्त नव्हे.

खरा पेच डोहावरील काळिमेला कवीने जोडलेल्या माधुर्यवाचक विशेषणाचा आहे. केवळ विषण्णतेचा अर्थ घेतल्यास ते उपरे ठरते. केवळ निसर्गचित्र मानल्यास त्या काळिमेची गडद छाया अकारण वाटते. येथील एकांत लादलेला नसून त्यात रमणे आहे, असे मानल्यास दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर होतात. तरीही त्या रमण्यामागे काय आहे, हे कवितेने उघड केलेले नाही. वृक्ष पाठमोरा असावा, तसा तो वाचकाकडे पाहत नाही.