उसाच्या मुलखात घरबसल्या नोकरी

2020च्या मार्च महिन्यात टाळेबंदी जाहीर झाली आणि पुण्यातील हिंजवडी, मगरपट्टा, खराडी येथील संगणक कंपन्यांत नोकरीस असलेली नीरा खोऱ्यातील अनेक मुलेमुली लॅपटॉप घेऊन निंबूत, वाणेवाडी, मुरूम, होळ, करंजे अशा आपापल्या गावी परतली, तेव्हा ही व्यवस्था चार-दोन महिन्यांची आहे अशीच सर्वांची समजूत होती. पुढे काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांस परत बोलावले, काहींनी आठवड्यातून दोन दिवसांची हजेरी ठरवली आणि काहींनी कायमची मोकळीक दिली. त्यामुळे याच खोऱ्यातील, साखर कारखान्याभोवती वसलेल्या सोमेश्वरनगरसारख्या ठिकाणी बसून पुण्याची किंवा परदेशाची नोकरी वर्षानुवर्षे करता येईल काय, हा प्रश्न आता विवाह, घरबांधणी आणि मुलांच्या शाळा यांच्या निर्णयांत येऊन मिसळला आहे. इंटरनेटचा वेग आणि घरभाडे एवढ्या दोनच गोष्टी पाहून गावाची पारख करण्याची जी रीत पडली आहे, ती मला अपुरी वाटते.

याचे कारण सोमेश्वरनगरच्या जन्मकथेतच आहे. 1876-77च्या दुष्काळानंतरच्या दशकात नीरा डावा कालवा निघाला, जिराईत माळ बागायती झाला आणि ऊस आला. परंतु तोडलेला ऊस फार काळ राहू दिला तर त्यातील साखर उतरू लागते, म्हणून तो दूरवर नेण्यापेक्षा कारखानाच उसापाशी आणणे भाग पडते. प्रवरानगरी 1950मध्ये सहकाराने ही गोष्ट साधली, आणि 1960च्या दशकात मुगुटराव काकडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने सोमेश्वरचा कारखाना येथे गाळप करू लागला. काम माणसाच्या दाराशी येण्याचा अनुभव या परिसराला म्हणूनच नवा नाही. आणि त्या वेळी केवळ यंत्रे बसवून कोणी थांबले नाही. कामगारांची वसाहत, शाळा, महाविद्यालय, पतपेढी, बाजार हे सारे त्या कामाच्या आधारासाठी सामुदायिक हिशेबाने उभे करण्यात आले. आज घरी येणारे काम मात्र एकेका माणसाच्या दिवाणखान्यात एकाकी उतरले आहे, आणि त्याच्या सोयीची तजवीज ज्याची त्याने करावी अशी स्थिती आहे.

प्रथम विजेचा विचार करू, कारण बाकी सर्व तिच्यावर अवलंबून आहे. गावठाणात घर असेल तर पुरवठा बहुधा गावठाणाच्या फीडरवरून होतो आणि तो पुष्कळसा विश्वसनीय असतो. परंतु या बागायती मुलखात कित्येक कुटुंबे मळ्यातल्या वस्तीवर राहतात, आणि वस्तीची वीज शेतीपंपांच्या फीडरशी जोडलेली असली की तिचे वेळापत्रक उसाला पाणी देण्याच्या पाळीनुसार चालते. थ्री फेज दिवसाचे काही तास, नाहीतर रात्रीचे. उरलेल्या वेळी सिंगल फेज. त्या सिंगल फेजवर कॅपॅसिटर लावून आजूबाजूचे चार शेतकरी मोटारी चालवू लागले म्हणजे घरातला दिवा मंदावतो, पंखा जड होतो आणि ज्याच्या भरवशावर मुलगी परदेशातील वरिष्ठांशी बोलत बसलेली असते तो इन्व्हर्टर चार्जच होत नाही. सुदैवाने राउटरला अत्यल्प वीज लागते. बहुतेक राउटर 12 व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्यापुरती छोटी बॅटरी बसवली तर जोडणी काही तास टिकते. लॅपटॉपपूर्वी ही बॅटरी घ्यावी, असे मी प्रत्येकास सांगेन.

जोडणीविषयी लोक जाहिरातीतला मोठा आकडा पाहतात, पण चित्रसंवादाला 3-4 मेगाबिट एवढाच स्थिर वेग पुरतो. त्याला बाधा येते ती अपलोडच्या अस्थैर्याने आणि तुटण्याने. येथे फायबर बहुधा खांबांवरून जाते. गळीत हंगामात उंच भरलेल्या ट्रॉल्या त्याच रस्त्यांवरून धावतात आणि जेसीबीचे खोदकाम बारमाही असते. म्हणून एकाच केबलवर विसंबू नये, दुसऱ्या कंपनीचे मोबाइल सिम जवळ ठेवावे, आणि घर घेण्यापूर्वी संध्याकाळी सात ते दहा या वेळेत आठवडाभर वेगाची नोंद ठेवावी. दुपारची नोंद फसवी असते.

संध्याकाळ अशासाठी, की न्यूयॉर्कमधील सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. जेवणाच्या वेळीच ज्यांचे कामाचे प्रहर सुरू होतात, त्यांच्यासाठी हंगामातील सोमेश्वरनगर शांत नाही. रात्रभर चालणारी वाहने, भोंगा, वारा फिरला की येणारा मळीचा वास आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी चिमणीची काजळी ही येथल्या जीवनाची अंगे आहेत. ज्यांचे बालपण या भोंग्याच्या वेळांवर गेले त्यांना ती जाणवतही नाहीत. परक्या माणसास पहिला हंगाम जड जातो.

परक्यांचा प्रश्न निराळा आहेच. औषधोपचारासाठी बारामती 30-35 किलोमीटरवर असून तेथे 2019पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्या प्रतिष्ठानच्या शिक्षणसंस्था, औद्योगिक वसाहत, भाड्याची घरे हे सारेही तेथेच. यास्तव ज्याची या भागात ना जमीन ना नाते, त्याने बारामती शहरात राहावे हे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचे घर आधीच येथे आहे आणि आईवडिलांना सोबतीची गरज आहे, त्याला सोमेश्वरनगर उत्तम. मात्र कंपनीने आठवड्यातून तीन दिवस हजेरी मागितली, तर जेजुरी, सासवड आणि दिवेघाटातून पुण्याला जाण्यायेण्याचा रस्ता सारे सुख खाऊन टाकतो.

उरलेली उणीव भरून काढणे गावाच्या हाती आहे. हंगामात चिपाडावर वीज निर्माण करणारा कारखाना, महाविद्यालय आणि वाघळवाडी व करंजेपुलाच्या ग्रामपंचायती यांनी मिळून वीस-पंचवीस आसनांची एक अभ्यासिका चालवावी, तिला दोन स्वतंत्र फायबर जोडण्या आणि बॅटरी द्यावी, बोलण्यासाठी दोन-तीन बंद खोल्या ठेवाव्या आणि माफक मासिक वर्गणी घ्यावी. ती रात्रीही उघडी राहिली पाहिजे, आणि पहाटे साडेतीनला काम संपवणाऱ्या मुलीस वस्तीवर पोहोचवणाऱ्या वाहनाचा खर्च अभ्यासिकेच्या अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून धरलेला असावा; एरवी ही सोय केवळ मुलग्यांची होईल, आणि लग्नानंतर सासरच्या वस्तीवर राहून आपली नोकरी टिकवू पाहणाऱ्या ज्या स्त्रियांना तिची सर्वाधिक निकड आहे त्याच तिच्याबाहेर राहतील.