रिपोर्टमधले लाल आकडे आणि आठ वर्षांचा कारवान

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे एका कुत्र्यासाठी घर शोधायचं काम आलं. कारवान जातीचा नर, वय आठ. सांगलीकडच्या एका ओळखीच्या घरी होता. पाच वर्षांचा होईपर्यंत यात्रेतल्या शर्यतींत पळाला, मग मागे पडायला लागला आणि तेव्हापासून गोठ्यामागे बांधलेला. मालक वाईट माणूस नव्हता, पण आता त्याला तो नको होता.

कारवान म्हणजे आपल्या दख्खनचा ग्रेहाऊंडच म्हणा. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, आणि वासापेक्षा नजरेवर धावणारा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून कर्नाटकात त्याला मुधोळ हाऊंड म्हणतात. असे कुत्रे दहा-बारा वर्षं सहज जगतात. म्हणजे आठव्या वर्षी आयुष्य संपलेलं नसतं, फक्त गिऱ्हाईक संपलेलं असतं.

दोन घरं तयार झाली आणि दोन्हींनी नाही म्हटलं. कारण वय नव्हतं, कारण होता रक्ताचा रिपोर्ट. त्यात तीन आकडे लाल अक्षरांत होते. प्लेटलेट १,२८,००० (मर्यादा २ ते ५ लाख), थायरॉईडचं टी-४ हे ०.७ (मर्यादा १ ते ४), क्रिएटिनिन १.७ (मर्यादा ०.५ ते १.५). रक्त खराब, थायरॉईड खराब, किडनी खराब. असा म्हातारा कुत्रा कोण घेणार?

रिपोर्ट माझ्याकडे आला तो ‘तू पीएचडी करतेस ना, बघ जरा’ म्हणून. (पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ओळखीचं असेल. विषय कुठला, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.) पण या वेळी खरंच सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ते लवकर समजून घ्यावं असं मला वाटतं.

रिपोर्टच्या उजव्या बाजूला जी मर्यादा छापलेली असते ती निसर्गाने ठरवलेली नसते. तिला संदर्भ-पल्ला म्हणू या. तो काढायची नेहमीची रीत अशी: निरोगी प्राणी घ्यायचे, शक्यतो १२० तरी, त्यांची चाचणी करायची, आकडे चढत्या क्रमाने लावायचे, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के सोडायचे. उरलेले मधले ९५ टक्के म्हणजे ‘नॉर्मल’. बस, एवढंच.

यातून लगेच एक गोष्ट निघते. व्याख्येनुसारच पाच टक्के निरोगी प्राणी पल्ल्याबाहेर पडतात. एका रिपोर्टमध्ये वीस चाचण्या असतील आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलं, तर वीसही आत असण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे साधारण ०.३६. पूर्ण निरोगी जिवाच्या रिपोर्टमध्येही एखादा तरी आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के! प्रत्यक्षात चाचण्या एवढ्या स्वतंत्र नसतात, पण मुद्दा कळला असेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते १२० कोण होते?

इथे ग्रेहाऊंडची गोष्ट सांगायला हवी. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात या कुत्र्यांच्या शर्यतींचा मोठा धंदा होता, काही ठिकाणी अजून आहे. कुत्रा दोन ते पाच वर्षांचा झाला की निवृत्त. मकाऊचा कॅनिड्रोम २०१८ च्या जुलैमध्ये बंद झाला तेव्हा पाचशेहून जास्त ग्रेहाऊंड मागे उरले आणि त्यांना देशोदेशी घरं शोधावी लागली. फ्लोरिडात २०१८ मध्ये मतदारांनी बंदीला कौल दिला आणि २०२० अखेर तिथल्या शर्यती थांबल्या. पण दत्तक घ्यायची चळवळ त्याच्या खूप आधीपासून चालू होती. निवृत्त कुत्रे घराघरांत गेले, घरमालक त्यांना डॉक्टरांकडे नेऊ लागले आणि डॉक्टर चक्रावले. धडधाकट कुत्रा, पण टी-४ कमी, प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन जास्त. कित्येकांना नसलेल्या आजाराची औषधं सुरू झाली.

ओहायो स्टेट विद्यापीठात डॉ. गिलेर्मो कूटो यांच्या गटाने आणि इतरांनी मग ग्रेहाऊंडचे वेगळे पल्ले काढले. निरोगी ग्रेहाऊंडमध्ये प्लेटलेट सव्वा लाख असू शकतात. स्नायू भरपूर असल्याने क्रिएटिनिन चढं असतं. टी-४ इतर कुत्र्यांच्या खालच्या मर्यादेखाली असणं नेहमीचंच. सलूकी आणि स्लुगी या त्यांच्या नात्यातल्या जातींतही टी-४ कमीच आढळलं. म्हणजे सगळ्या जातींच्या कुत्र्यांवरून काढलेला पल्ला या कुत्र्यांना लावणं म्हणजे भीमसेनेच्या मापाने नकुलाचा अंगरखा शिवणं.

हे सगळं मी उत्साहाने फोनवर समजावलं. ‘तिन्ही लाल आकडे या जातीत चालतात, कुत्रा ठणठणीत आहे!’ माझी लांज्याची आत्या तयारही झाली. म्हणाली, “अगो, आठ वर्षांचा म्हणजे माणसात माझ्याच वयाचा की. आण त्याला.” आंबा घाट उतरून तो लांज्याला आला.

आणि इथे मी चुकले होते.

रिपोर्टमध्ये एक आकडा काळ्या शाईत होता, म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नाही. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा: ४२ टक्के. छापील पल्ला ३७ ते ५५, म्हणजे आरामात आत. पण पळणाऱ्या ग्रेहाऊंडचं रक्त दाट असतं. त्यांच्यात पन्नासच्या वर, साठपर्यंत आकडा सहज जातो. (म्हणून तर परदेशात निवृत्त ग्रेहाऊंड रक्तदाते म्हणूनही घेतले जातात.) जो तर्क मी लाल आकड्यांना लावला तोच काळ्याला लावला असता, तर ४२ बघून थांबले असते. चुकीचा पल्ला खोटी भीती दाखवतो हे मला माहीत होतं. तो खोटा दिलासाही देतो, हे मी सोयीस्कर विसरले.

तीन आठवड्यांत कुत्रा मलूल झाला, खाईना. पुन्हा रक्त काढलं. टी-४ आणि क्रिएटिनिन जवळपास तिथेच. प्लेटलेट ७४,०००, हिमॅटोक्रिट ३६. डॉक्टरांनी मशीनवर विश्वास न ठेवता काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, पीसीआर करायला पाठवलं. गोचीडताप निघाला, एर्लिकिया. गोठ्यामागे तीन वर्षं बांधलेल्या कुत्र्याला तो नसता तरच नवल. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं.

आता गंमत बघा. बरा झाल्यावर हिमॅटोक्रिट ५४ वर गेलं, पण प्लेटलेट १,४५,००० च्या पुढे काही सरकल्या नाहीत. दोन महिन्यांनी पुन्हा तपासल्या तरी तेवढ्याच. म्हणजे पहिल्या रिपोर्टमधल्या १,२८,००० मध्ये थोडी जात होती आणि थोडा आजार होता. एकाच आकड्यात दोन्ही मिसळलेले. ग्रेहाऊंडचा पल्ला घेऊनही ते वेगळे करता आले नसते, कारण कारवान काही ग्रेहाऊंड नव्हे. वेगळे झाले ते त्याच कुत्र्याची त्याच्याशीच तुलना केल्यावर. तुमच्या प्रयोगात जेव्हा कंट्रोल गट बाहेरून उसना आणलेला असेल, तेव्हा शक्य असेल तर त्याच नमुन्याचं आधीचं मोजमाप हाताशी ठेवा. व्हायव्हात हा प्रश्न येतोच.

बाकी त्याचं घर बसायला फारसा त्रास झाला नाही. लोकांना वाटतं शर्यतीचा कुत्रा म्हणजे दिवसभर पळवावा लागणार. हा सकाळी एक फेरी मारतो आणि उरलेला दिवस झोपतो. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे थंडीत आणि पावसात त्याला पडवीतही ठेवता येत नाही. तसंही आमच्याकडे वाघरू (म्हणजे बिबट्याच) रात्री अंगणातनं कुत्रा उचलून नेतं, म्हणून तिन्हीसांजेला तो आत, दार बंद. कोंबड्या दिसल्या की मात्र आठ वर्षं विसरतो. शेजारच्यांच्या दोन कोंबड्यांचे पैसे आत्याने भरलेत.

आत्याने त्याची एक वही केली आहे. पहिल्या पानावर बरा झाल्यानंतरचे चार आकडे लिहिलेत. तालुक्याच्या दवाखान्यात नेताना ती वही बरोबर नेते आणि रिपोर्टवरची छापील मर्यादा पेनाने खोडते. मी तिला सांगितलं, खोडू नकोस, बाजूला लिही. ऐकत नाही.