ध्वनीच्या वेगाने इंजिनात शिरणारी हवा

बीएमडब्ल्यूचं 1990 मध्ये आलेलं एम50 हे सहा सिलिंडरांचं, 2,494 सीसीचं इंजिन आयडलिंगला मिनिटाला साधारण 700 फेरे घेतं. थ्रॉटलची झडप तेव्हा जवळजवळ मिटलेली असते, तरी मिनिटाला अडीचशे-तीनशे लिटर हवा आत जात असते. त्यातली बरीचशी जाते ती इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेल्या, मुठीत मावणाऱ्या आयडल कंट्रोल व्हॉल्व्हमधून. त्याच्या आतली पाकळी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, विजेच्या ठोक्यांनी फिरवतो. एसी लावला किंवा इंजिन गार असलं की फट थोडी रुंदावते.

या फटीत जे घडतं ते थक्क करणारं आहे. बाहेर हवेचा दाब 100 किलोपास्कल, मॅनिफोल्डमध्ये जेमतेम 35. पुढचा दाब मागच्याच्या 53 टक्क्यांखाली उतरला की फटीतली हवा ध्वनीचा वेग गाठते आणि त्यापुढे तिचा वेग वाढत नाही. सिग्नलला शांत उभ्या असलेल्या गाडीत हे अखंड चालू असतं! मग किती हवा जाणार ते ठरतं फटीच्या रुंदीवर आणि व्हॉल्व्हच्या मागच्या दाबावर.

टर्बो बसवला की नेमका हाच मागचा दाब बदलतो. एम50 चा ब्लॉक बिडाचा, दणकट. म्हणून स्वीडन-फिनलंडमधल्या हौशी मंडळींनी त्याला भरपूर टर्बो जोडले. मूळ गाडीत व्हॉल्व्हची नळी हवा मोजणाऱ्या मीटरनंतर, थ्रॉटलच्या अलीकडे रबरी बुटाला जोडलेली असते. आता मीटर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये टर्बो आणि इंटरकूलर येऊन बसतात. मग नळी जोडायची कुठे?

टर्बोच्या आधी जोडली तर आयडलिंग सुरेख मिळतं. पण अर्धा बार बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये 150 किलोपास्कल आणि नळीत 100 च्या आसपास. दाबलेली हवा उलटी टर्बोच्या तोंडाशी परतते. तिथे वन-वे व्हॉल्व्ह लागतोच, आणि तो अरुंद निघाला तर थंड इंजिनाला हवा पुरत नाही. नळीला नुसता छोटा फिल्टर लावून ती उघडी सोडणं सर्वांत वाईट: आयडलिंगला मीटरने न मोजलेली हवा आत, बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर.

माझ्या मते योग्य जागा इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या अगदी अलीकडे. आयडल व्हॉल्व्ह म्हणजे दुसरा, छोटा थ्रॉटलच; मोठ्याला मिळते तिथलीच हवा त्यालाही मिळावी. पूर्ण रेस दिली की पाकळीच्या दोन्ही बाजूंना दाब जवळपास सारखा असतो, त्यामुळे गळती नाही. मात्र जुने, नुसते खोचून बसवलेले रबरी होज इथे निसटतात. आत कापडाचे थर असलेला सिलिकॉन होज आणि घट्ट क्लॅम्प हवेत.

बूस्टमध्ये असताना पाय उचलला तर एक अडचण उरते. थ्रॉटल मिटतो, पण पाइपात अजून 150 किलोपास्कल असतात. तेवढ्याच फटीतून दीडपट हवा शिरते आणि आरपीएम रेंगाळतात. डंप व्हॉल्व्हने पाइप लगेच मोकळा करावा, आणि मीटरवाल्या गाडीत ती हवा बाहेर न सोडता टर्बोच्या तोंडाशी परत द्यावी. ती आधीच मोजलेली असते. बाहेर सोडली तर ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतो आणि मिश्रण दाट होतं.