कसणारा एक, कागदावर दुसराच

जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच, हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. अमेरिकेच्या वायव्य टोकाला एक अख्खं गाव अशाच जमिनीवर उभं राहिलं. फरक एवढाच, की ज्याचं नाव लागलं त्याने ती लाटली नाही.

ते गाव वसवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म १८१७ सालचा, व्हर्जिनियातला. राष्ट्राध्यक्षांशी नातं फक्त नावाचं. बाप कृष्णवर्णीय गुलाम, आई गोरी. बापाला मालकाने विकून टाकलं आणि आईने तान्हं मूल जेम्स व ॲना कोक्रन या गोऱ्या दांपत्याच्या ओटीत घातलं. पुढे हे कुटुंब ओहायोत आणि तिथून मिसुरीत गेलं. वर्णावरून अडवणूक तिथेही सुटली नाही. १८५० मध्ये आईबाप आणि मुलगा बैलगाड्या जुंपून ओरेगॉनच्या वाटेला लागले.

त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने ओरेगॉनमधली जमीन वसाहतकऱ्यांना फुकट देण्याचा कायदा केला. त्यात गोऱ्यांचा हक्क होताच. गोरा बाप आणि आदिवासी आई असलेल्यांनाही जागा होती. पण आफ्रिकी रक्ताचा अंश असलेल्याला ती नव्हती. म्हणजे मिश्र रक्ताला कायद्याची ना नव्हती. मिश्रण कशाचं, एवढंच तो विचारत होता.

स्कुकुमचक आणि चेहालिस नद्यांच्या संगमाजवळ जॉर्जने १८५२ मध्ये जमीन धरली, रान तोडलं, खोपट बांधलं. तिच्यावर दावा मात्र कोक्रन यांच्या नावाने लागला : ६४० एकर. १८५३ मध्ये ओरेगॉनचा उत्तर भाग तोडून वॉशिंग्टन टेरिटरी निर्माण झाली. या नव्या प्रदेशात कृष्णवर्णीयांना जमीन नावावर करून घ्यायला मज्जाव नव्हता आणि कोक्रननी जमीन मुलाच्या नावावर करून दिली. कायद्याने बंद केलेलं दार घरच्या माणसांनी उघडलं.

पुढे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे रूळ त्याच्या शेतातून गेले. ८ जानेवारी १८७५ रोजी जॉर्ज आणि त्याची बायको मेरी जेन यांनी सेंटरव्हिल या गावाचा नकाशा नोंदवला. भूखंड दहा डॉलरला एक. किमान शंभर डॉलरचं घर बांधलं तर दुसरा फुकट. चर्च, स्मशानभूमी आणि बागेसाठी त्यांनी जागा दान दिली. १८८३ मध्ये गावाचं नाव सेंट्रेलिया झालं.

खरी कसोटी लागली १८९३ च्या मंदीत. बँका बुडाल्या, कामं थांबली. पंचाहत्तरी उलटलेला जॉर्ज पोर्टलंडहून धान्य आणून वाटत होता, बिनव्याजी पैसे देत होता. हप्ते थकले म्हणून त्याने कुणाचं घर ताब्यात घेतलं नाही. कागदावर नाव नसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९०५ च्या ऑगस्टमध्ये घोडागाडीतून पडल्याचं निमित्त झालं आणि तो गेला. गावाने दिवसभर दुखवटा पाळला. आज गावातली बाग त्याच्या नावाने आहे. पण मला मोलाची वाटते ती दुसरी नोंद : जुन्या सेंटरव्हिलमधल्या घराची मालकी पिढ्यान्‌पिढ्या मागे तपासत नेली, की विकणाऱ्याच्या जागी वॉशिंग्टन सापडतो आणि त्याच्याही मागे कोक्रन.