बिऱ्हाड पाहावे हलवून

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने रचली, त्याची नोकरी बदलीची नसावी; नाहीतर ‘बिऱ्हाड पाहावे हलवून’ हे तिसरे कलम त्याने खात्रीने जोडले असते. घर बांधताना निदान गवंडी असतो, लग्नात आचारी आणि भटजी असतात. बिऱ्हाड हलवताना मात्र सारा भार घरच्या माणसांवर, आणि खरे सांगायचे तर घरच्या बाईवर पडतो. बदलीचा हुकूम यजमानांच्या हाती येतो आणि डबे तिच्या हाती!

आमचे पाथरी हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कचेऱ्या, बँका, शाळा-महाविद्यालये यांमुळे येथे नोकरदारांची बिऱ्हाडे सदैव येत-जात असतात. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने सरकारी बदल्यांचा काळ सर्वसाधारणपणे एप्रिल-मे हा ठरवला. त्यामुळे मराठवाड्याच्या ऐन उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना गल्लीत टेंपो येऊन उभा राहतो. आत कपाट चढत असते, बाहेर मूल रडत असते, आणि लोणच्याची बरणी कोणी मांडीवर घ्यायची यावर चर्चा चाललेली असते.

जुन्या लोकांना एवढा पसारा परवडत नसे. पाथरीहून जवळचे रेल्वे स्टेशन मानवत रोड. ती लाइन गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मीटरगेज होती. मुंबईकडे जाणाऱ्याला मनमाडला छोटी गाडी सोडून मोठ्या गाडीत बसावे लागे. म्हणजे सामान घरातून काढा, स्टेशनात चढवा, मनमाडला उतरवा, पुन्हा चढवा! प्रत्येक जिन्नस चारदा उचलायचा म्हटला की तो न्यावा की नाही याचा विचार आपोआप होई. आता टेंपो दारातून थेट दारात जातो आणि तो विचारच सुटला. बिऱ्हाड हलवण्याचा ताप वाढला आहे तो अंतरामुळे नव्हे, तर या न केलेल्या विचारामुळे, असे माझे मत आहे.

दिवाळीनंतर निघणारी बिऱ्हाडे

हा अंक आपल्या हाती पडेल, त्याच सुमारास मराठवाड्यातल्या असंख्य घरांना कुलपे लागत असतील. बीड-परभणीकडील ऊसतोड कामगारांचे तांडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, तो मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. ती फेडायला पाच-सहा महिने परमुलखात राहायचे.

त्यांचे गाठोडे एकदा पाहावे. पीठ, धान्य, तवा, परात, दोन-चार भांडी, अंथरुणे-पांघरुणे, कोयते, कोपीवर घालायचा कागद. नव्या जागी उतरले की संध्याकाळपर्यंत कोपी उभी राहते आणि तीन दगडांची चूल पेटते. त्यांचे सामान थोडे आहे ते गरिबीमुळे. त्या गरिबीचे कौतुक करण्याचा उद्धटपणा मध्यमवर्गीयाने करू नये. पण दरवर्षी घर उचलणाऱ्या त्या बाईला जे शास्त्र ठाऊक आहे, ते आपण तिच्याकडून अवश्य शिकावे. ‘काय न्यायचे?’ हा प्रश्न ती शेवटी विचारते. त्याआधी काय ठेवून जायचे, आणि पोचल्याबरोबर काय लागेल, हे तिने ठरवलेले असते.

आधी निवड, मग बांधणी

हुकूम आला की पहिल्या आठवड्यात एकही दोरी घेऊ नका, वही घ्या. एकेका खोलीत उभे राहून सामानाचे तीन भाग पाडा: न्यायचे, द्यायचे, टाकायचे. गेल्या खेपेला बांधलेले आणि अद्याप न उघडलेले खोके सापडले, तर त्याचा निकाल तत्काळ लावा. वर्षाचे धान्य भरण्याची आपली रीत चांगली. पण बदलीचा संभव असेल तर त्या साली ज्वारीचे पोते निम्मेच घ्यावे. नव्या घराच्या दाराची आणि जिन्याची रुंदी मागवून घ्या. कपाट आत जात नाही हे कळण्याची जागा जिन्याचे वळण नव्हे!

बांधणीची तत्त्वे सोपी आहेत. जड वस्तू लहान खोक्यात, हलक्या मोठ्या खोक्यात. आम्हा मास्तर मंडळींची पुस्तके मोठ्या खोक्यात भरली की ज्ञानाचे ओझे म्हणजे काय ते हमालाला कळते. काचेच्या बशा आडव्या रचू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या ठेवा, धक्का कमी बसतो. स्टीलचे डबे रिकामे नेऊ नका, त्यांत लहान वस्तू भरा. आरसा गोधडीत गुंडाळावा. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून पुसावा, उभाच न्यावा, आणि पोचल्यावर काही तास थांबून मगच सुरू करावा. खोक्याचा क्रमांक बाजूवर लिहावा. वर लिहिला तर दुसरे खोके त्यावर बसताच तो झाकला जातो. तोच क्रमांक वहीत, त्यापुढे आतले जिन्नस.

गॅसचे सिलिंडर मात्र टेंपोत चढवू नये. परगावी जायचे असेल तर एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून कागद घ्यावा व नव्या गावी जोडणी घ्यावी.

फुटले तर परत न मिळणारे

कपबशी फुटली तर बाजारात मिळते. मुलाचे वर्ष फुटले तर मिळत नाही. म्हणून कागदांची पिशवी वेगळी करावी आणि ती टेंपोत न देता आपल्या खांद्याला लावावी. दाखले, गुणपत्रिका, शिधापत्रिका, बँकेची पुस्तके, औषधांच्या चिठ्ठ्या, दागिने, सारे त्यात. विजेच्या मीटरचा शेवटचा आकडा टिपून बिल भरल्याची पावतीही त्यातच. नव्या गावी मतदारयादीत नाव हलवण्यासाठी नमुना क्रमांक 8 भरावा.

शाळेविषयी एक गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलताना दाखला तत्काळ मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि तो दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेला प्रवेश अडवून ठेवता येत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावीच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, ती याच जाणिवेतून: बिऱ्हाडाबरोबर मुलाचे शिक्षण उपटले जाऊ नये. आपल्या मुलाचीही तीच गत होऊ शकते, फक्त ती आपल्याला दिसत नाही. त्याला आधी सांगावे, नव्या शाळेचे नाव सांगावे, आणि त्याचे खोके त्यालाच भरू द्यावे. आपल्याला कचरा वाटणाऱ्या गोट्या त्याच्या दृष्टीने घराचा पाया असतात.

वृद्धांचे दुःख याहून मुके असते. पूर्वीच्या माळवदाच्या घरात अर्धा संसार जमिनीतच रोवलेला असे: धान्याचे पेव, उखळ, चूल, अंगणातले वृंदावन. घर सोडायचे म्हणजे तो अर्धा मागे ठेवायचा. आमच्या भागातल्या शेतात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी खेळते. त्या धरणाची पायाभरणी 1965 साली झाली, 1976 साली ते राष्ट्राला अर्पण झाले. आणि त्याच्या जलाशयासाठी पैठणच्या वरच्या अंगाची शंभराहून अधिक गावे उठली. तेथल्या माणसांनी भांडी नेली, गुरे नेली. पार, विहीर आणि शेजार कोणाला नेता आला? बदलीचे दुःख त्याच्यापुढे नखाएवढे असेल, पण जात तीच आहे. म्हणून वेळापत्रकात एक संध्याकाळ निरोपासाठी राखावी. आजीला शेजारणींकडे जाऊ द्यावे, तुळशीचे रोप कुंडीत घेऊ द्यावे. टेंपोवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.

पहिल्या रात्रीचे गाठोडे

शेवटी बांधायचे आणि सर्वांत आधी सोडायचे ते हे गाठोडे. देव, निरांजन आणि काड्यापेटी, चहा-साखर, एक पातेले, गाळणे, पेले, पोहे किंवा दशम्या, पाण्याची कळशी, साबण, टॉवेल, एकेक जोड कपडे, अंथरूण, रोजची औषधे, विजेरी, कात्री, हातोडी आणि कपाटाच्या किल्ल्या. किल्ल्या कुलूपबंद कपाटातच राहिल्याच्या कथा प्रत्येक बदलीच्या गावात ऐकायला मिळतात.

नव्या घरात शिरताना देव आणि पाण्याचा कलश आधी नेतात, चुलीवर दूध उतू घालतात. रीत जुनी आहे, पण तिच्यामागे शहाणपण आहे. प्यायचे पाणी, पेटलेली चूल आणि तेवणारा दिवा, एवढे मिळाले की घर सुरू झाले. बाकीची खोकी उद्या सोडली तरी चालतात. परवा सोडली तरी आभाळ कोसळत नाही. त्या रात्री यजमानांनी ‘सगळे लागले का?’ असे विचारण्याऐवजी चहाचे आधण ठेवावे. आणि जिच्या हातून सारा संसार खोक्यांत गेला, तिला पहिला पेला द्यावा.